चिखलाखालची कडी

खाडीकाठच्या एका गावात अंकुश नावाचा जीपवाला राहत होता. चारही चाकांना जोर असलेली त्याची जीप ओहोटीच्या वेळी खाडीतल्या चिखलातून पलीकडच्या काठाला जायची. जीपला त्याने चकचकीत बंपर बसवून घेतला होता. त्याला तो रोज खोबरेल लावून पुसायचा. म्हाताऱ्या आईच्या केसांना त्याने तेवढं तेल कधी लावलं नसेल! गाडीच्या पोटाखाली मात्र तो कधी वाकून बघत नसे.

त्या चिखलाचं गावाला भय होतं. तीन वर्षांपूर्वी तिथे एक गाडी रुतली. ओढणाऱ्यांनी दोर बंपरला बांधला. ताण येताच बंपर उखडला आणि समोर उभ्या असलेल्या रवळूच्या छातीवर बसला. रवळू सुतार होता, उजव्या हाताची दोन बोटं करवतीत गेलेला. तो पडला तिथेच चिखलात गेला, आणि वरून भरती आली. पुढे तो कुणाला सापडला नाही. तेव्हापासून लोक म्हणू लागले, त्या चिखलात हात घातला की खालून कुणीतरी मनगट धरतं. मग काय, गाडी रुतली की जो तो दोर वरच्या वर बंपरलाच बांधू लागला. ज्याने माणूस गेला, तेच भीतीपोटी पुन्हा पुन्हा!

मार्गशीर्षातल्या एका सकाळी अंकुशची आई अंगणात पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. तिला मागच्या सीटवर निजवून अंकुश दवाखान्याला निघाला. धुकं दाट होतं. पलीकडचा काठ जवळ आला आणि जीप तोंडाकडून चिखलात बसली. आईला उचलून न्यावं, तर माणूस मांडीपर्यंत रुतत होता. भरती लागली होती. पाणी दिसत नव्हतं. कुणी चाटत असल्यासारखं नुसतं ऐकू येत होतं.

त्याच्या हाका ऐकून काठावर ट्रॅक्टर आला. चालवणारी होती येसू, रवळूची बायको. एकाच माणसाला पेलतील अशा दोन अरुंद फळ्या आळीपाळीने पुढे टाकत ती दोर घेऊन जीपपर्यंत आली.

"बंपराक बांध गो वयनी," अंकुश म्हणाला. "बेगीन!"

"बंपर दोन बोल्टांवर आसा. चासीची कडी खय आसा?"

चासी म्हणजे गाडीचा कणा. ओढायची कडी त्यालाच असते. अंकुशने ती कधी पाहिली नव्हती.

"खाली आसतली. पण थय हात कोण घालतलो? तो धरता."

"बंपराक बांधल्यानी, म्हणान माझो घोव गेलो," येसू म्हणाली. "तुझ्या आवशीक मी तशी ओढूचंय नाय."

गाडीतून आईचा आवाज आला, "अंकुशा, हाताक पाणी लागता रे."

अंकुश चिखलात पालथा झाला. त्याने खांद्यापर्यंत हात खाली घातला. आत गार चिखल होता, बाकी काही नाही. मग बोटांनी त्याचं मनगट धरलं.

तो किंचाळला. हात खेचून घ्यावा असं त्याला फार वाटलं. तो रडत होता, पण आई आत होती, म्हणून त्याने हात तिथेच राहू दिला. ती गार बोटं त्याचा हात हळूहळू डावीकडे घेऊन गेली. त्यांनी तो एका जाड लोखंडी कडीवर ठेवला आणि सोडून दिला.

अंकुशने दोर त्या कडीत अडकवला. येसूने दोरावर ओलं गोणपाट टाकलं, म्हणजे तुटलाच तर उसळणार नाही. मग काठावर जाऊन तिने ट्रॅक्टर चालू केला. ताण आला तसा दोर धुक्यात गुणगुणू लागला. कडी हलली नाही. जीप चिखलातून निघाली आणि आई सुखरूप काठाला लागली.

अंकुशने मनगट पुढे केलं. त्यावर काळेनिळे वळ उठले होते.

येसूने विचारलं, "किती?"

"तीन बोटां," अंकुश म्हणाला.

येसूने त्या वळांवर आपला हात ठेवला आणि ती खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "जा, आवशीक दवाखान्यात ने."

तात्पर्य: ज्याच्यावर जीव टांगायचा, ती जागा आधीच वाकून बघून ठेवावी. हाताशी येतं ते सोपं असतं, ताकद खाली कण्यात असते. भीती वाटली तरी तिथवर हात न्यावा.