खुंटीवरची घोंगडी

लहानथोर मंडळींनो, ही फार फार जुनी गोष्ट आहे. एका गडावर तुरुंग होता. कैदी खाली अंधाऱ्या तळघरात आणि पहाऱ्याचे नाईक वर, झरोक्याला डोळा लावून. भाकऱ्याही वरूनच टाकायचे. ज्याच्या मनगटात जोर, त्याचंच पोट भरायचं.

म्हादू नावाचा धान्यचोर तिथं तीनदा जाऊन आला होता. पहिल्यांदा आत गेला तेव्हा बिचारा भित्रा होता. बाहेर आला तो हिसकावण्यात पटाईत होऊन. तिथली रीतही अशी, की सुटणाऱ्यानं आपली घोंगडी खुंटीला टांगून जायचं. नाईक वरून ओरडायचे, "राहू दे तिथंच! लागेल पुन्हा." आणि लागायचीच.

चौथ्यांदा शिपाई आले तेव्हा बायको दारात उभी राहिली. "हे शेवटचं," ती रडत म्हणाली. "यानंतर पुन्हा आत गेलात, तर माझं दार तुम्हाला बंद."

त्या वर्षी तळघरात पाणी शिरलं. कैद्यांना घोड्यांच्या रिकाम्या पागेत हलवलं. तिथं कुठला झरोका? नाईकांना अंगणात कैद्यांमध्येच बसावं लागलं. दोन दिवस त्यांनी हातातली काठी सोडली नाही.

तिसऱ्या दिवशी एका धिप्पाड कैद्यानं म्हादूची भाकरी उचलली. म्हादूची मूठ वळली.

"ठेव त्याची भाकरी," नाईक शेजारूनच म्हणाले. "आणि म्हादबा, बस. जेव बाबा."

भाकरी परत आली, पण म्हादू ती हातात धरून नाईकांकडंच बघत राहिला. त्या तुरुंगात त्याला नावानं हाक पहिल्यांदाच ऐकू आली होती. पुढं तो नाईकांच्या शेजारी बसून दोर वळू लागला.

सुटकेच्या दिवशी सवयीनं तो खुंटी शोधू लागला.

"टांगतोस काय?" नाईक म्हणाले. "घरी ने. थंडी तिकडंही पडते."

हिवाळ्यात हाताला काम मिळेना. एका संध्याकाळी म्हादू सावकाराच्या कोठारामागं उभा राहिला. कडी हातात होती, घोंगडी खांद्यावर. त्याला वाटलं, आता नाईकांना काय तोंड दाखवू? कडी सोडून तो पुढच्या दारी गेला. "मालक, पोती उचलायला माणूस हवा का?"

सावकारानं त्याला खालून वर न्याहाळलं. "ये उद्या. पण माझ्या नजरेसमोर राहायचं."

"समोरच राहीन," म्हादू म्हणाला. घरी बायकोनं दार उघडलं आणि ती घोंगडी लेकरांवर पांघरली.

पुढं तळघर कोरडं झालं, पण नाईक काही परत वर झरोक्याशी गेले नाहीत, कैद्यांमध्येच बसत राहिले.

तात्पर्य: माणसावर लांबून नजर ठेवल्यानं तो सुधारत नाही, त्याच्याजवळ बसावं लागतं.