बाळोबा मास्तरांची वाकडी वीत

मागांच्या खडखडाटावरून लोक वेळ ओळखत, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली. माळवंडी गावात विणकामाची शाळा निघाली होती. सकाळी माग, दुपारी गणित आणि वाचन. बाळोबा कोष्टी तिथले मास्तर. रस्त्यावरून जाताना नुसत्या आवाजावरून ते सांगत, आत कोण विणतंय आणि कालच्यापेक्षा किती पुढे गेलंय, असं म्हणतात.

मास्तरांचा एक नेम होता. प्रत्येकाने शाळा सोडेपर्यंत एकच फुलांचा पट्टा विणायचा, मध्ये कापायचा नाही. कोणाचा पट्टा महिन्याभरात सरळ होई. कोणाचा दोन वर्षं वाकडाच चाले आणि मग एकदम सुधारे. कोणाचा सुधारून पुन्हा बिघडे. एकाचा पट्टा दुसऱ्याच्या पट्ट्याशेजारी मास्तर कधी ठेवत नसत.

ठकू नावाची मुलगी दोनदा गणितात नापास झाली. हेडमास्तर म्हणाले, "नियम आहे, मास्तर. हिचं नाव कमी करावं लागेल." शाळा सुटली की ठकूचं लग्न लावायचं घरी ठरलेलंच होतं.

"उद्या हिचा पट्टा बघा," बाळोबा म्हणाले. "सुरुवात बघा, शेवट बघा, मग ठरवा."

पण ठकूला सुरुवातीची लाज वाटली. तो वाकडा भाग तिने कापला आणि चुलीत घातला. सकाळी पट्टा उलगडला तर सगळी फुलं सारखी.

"छान आहे," हेडमास्तर म्हणाले, "पण ही कुठून निघाली होती, ते मला कसं कळणार?"

बाळोबांनी ठकूकडे बघितलं. "कापलंस होय गं?" ठकूने मान खाली घातली. "मग बस मागावर. पहिली वीत जशी विणली होतीस, तशीच वाकडी विणून दाखव."

किती धाग्यांत किती फुलं बसतात हे न मोजता तिने तेव्हा विणलं होतं, म्हणून शेवटचं फूल काठाबाहेर गेलं होतं. आता तिने न मोजायचं ठरवलं, पण डोक्यात भागाकार आपोआप होई. आडवा धागा नेणारा धोटा मुद्दाम तिरका टाकला तरी मध्येच वळून सरळ जाई, असं म्हणतात. गावातले माग एकेक करून थांबले. माणसं दारात जमली.

"अगं, बिघडव की!" ठकूची आई ओरडली. "घरी तर सगळं बिघडवतेस!"

हेडमास्तरांना हसू आवरेना. "राहू द्या हिला, मास्तर. हिला आता चुकायलाही येईना."

पुढच्या वर्षी ठकू गणितात पास झाली. पहिली आली नाही, पण पास झाली.

बाळोबा कधी गेले, हे कोणी सांगत नाही. एका सकाळी त्यांचा माग चालू होता आणि मागावर कोणी नव्हतं, असं म्हणतात.

शाळा आता पक्क्या इमारतीत आहे. तरी शेवटच्या वर्षाची मुलं निरोपाच्या दिवशी मास्तरांच्या मागावर बसतात आणि आपली पहिली, वाकडी वीत पुन्हा विणायला बघतात. बायका दारातून "बिघडव, बिघडव" म्हणून ओरडतात. अजून कोणालाही ते जमलेलं नाही. जमलंच, तर काय करायचं ते गावाने ठरवून ठेवलं आहे: हातावर गूळ ठेवायचा आणि आणखी एक वर्ष शाळेत ठेवून घ्यायचं.