बस्त्यावच्या टोपातला मसाला

“आज परत ते पांढरं कालवण! देवा, एखादा रविवार तरी वाचव रे बाबा!” नातालीनबाई मुलाच्या कानाशी पुटपुटल्या. मुलगा इनास तोंडावर हात ठेवून हसला. नवी सून लुर्दिना दाराआड ताटं पुसत होती. ते बोलणं तिच्यासाठी नव्हतं, पण तिनं ऐकलं.

वसईकडच्या एका गावातलं हे घर. घरधनी बस्त्याव, नातालीनबाईंचा नवरा. उभा जन्म त्यानं बोटीवर स्वयंपाकी म्हणून काढलेला. तरुणपणी स्कॉटलंडच्या एका बंदरात तो तापानं पडला. बोट त्याला सोडून निघून गेली. तेव्हा तिथल्या एका बाईनं त्याला घरात ठेवून घेतलं आणि बरा होईपर्यंत बीफ-बटाट्याचं साधं कालवण खाऊ घातलं. तिकडे त्याला स्टोव्हीज म्हणतात. बस्त्याव ते शिकून आला, आणि नोकरी संपल्यापासून दर रविवारी घरच्यांना करून घालू लागला.

रीत सोपी होती. जाड बुडाच्या टोपात चरबी वितळवायची. त्यावर कांदा, त्यावर बटाट्याच्या जाड फोडी, त्यावर आदल्या दिवशी भाजलेलं मांस. मीठ, मिरी, थोडं पाणी. वर घट्ट झाकण आणि खाली मंद आच. “ढवळायचं नाही, झाकण काढायचं नाही,” तो बजावायचा. “बटाट्याला त्याचं काम करू द्या.”

घरचे पानात पडेल तेवढं मुकाट्यानं संपवत आणि “छान झालंय” म्हणत. बाकी शंभर गोष्टींवरून भांडणारं घर या एका खोट्यावर मात्र एकदिलानं उभं होतं.

त्या रविवारी टोप मंद आचेवर ठेवून सगळे चर्चमध्ये मिस्साला गेले. लुर्दिना पहाटेच जाऊन आली होती, म्हणून घरी राहिली. सासूबाईंचं बोलणं तिच्या कानात होतं. तिला वाटलं, म्हाताऱ्याचं मन राहील आणि घरच्यांची जीभही सुखावेल, असं काही करावं. तिनं झाकण काढलं, बाटलीतला घरचा लाल मसाला दोन चमचे घातला, ढवळलं आणि झाकण पुन्हा बसवलं.

बस्त्याव परतला आणि त्यानं झाकण उचललं. आतलं कालवण लाल झालं होतं. त्यानं वाकून वास घेतला. मग त्यानं फळीवरच्या मसाल्याच्या बाटलीकडे पाहिलं. तसंच कालवण पानांत वाढलं.

जेवताना इनासनं पहिला घास घेतला आणि ओरडलाच, “पप्पा! आज खरी चव आली बघा तुमच्या हाताला!”

“आणखी आहे ना?” नातालीनबाईंनी ताट पुढं केलं. “आज पहिल्यांदा पोटभर...” आणि त्या थांबल्या. पण बस्त्यावला जे कळायचं ते कळलं होतं.

“हो,” बस्त्याव चाचपडत म्हणाला. “घातला थोडा मसाला.”

आत्ता सांगावं, असं लुर्दिनाला वाटलं. पण सगळे इतके खूश होते! शिवाय सांगायला गेलं तर सासूबाईंचं बोलणंही बाहेर येणार. हे कारण तिला फार सोयीचं वाटलं. तिनं मान खाली घालून भात कालवला.

जेवणं झाल्यावर लुर्दिना ताटं उचलत होती, तेव्हा ओट्यापाशी बस्त्याव बायकोला हळूच विचारत होता, “अगं, मी मसाला घातला का गं? मला आठवतच नाही.”

“वय झालं तुमचं!” बाई हसल्या. “पण असंच विसरत जा, पोरं जेवतील तरी!”

तोही हसला. त्याचं हसू पाहून लुर्दिनाला तोंड लपवावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून तो फाटकापर्यंत जाऊन गॅस बघायला परत येऊ लागला. गोळी घेतली की नाही, हे दोनदा विचारू लागला. इनासनं मायेनं स्कूटरची चावी काढून घेतली. “राहू द्या पप्पा, मी सोडतो तुम्हांला. तुमचं आता लक्ष राहत नाही.” बस्त्याव भांडला नाही. एरवी चावीवरून त्यानं घर डोक्यावर घेतलं असतं.

लुर्दिना रोज ठरवायची, आज सांगू. आणि रोज भाजी निवडायला बसायची. त्या आठवड्यात घरातली भाजी भारी स्वच्छ निवडली गेली.

पुढचा रविवार आला. बस्त्यावनं थर लावले आणि मिठाच्या बरणीपाशी त्याचा हात थबकला. त्यानं बरणी सुनेपुढं धरली.

“तूच घाल, पोरी. मी घातलं असेन तर दोनदा व्हायचं. माझा मला भरवसा नाही राहिला.”

लुर्दिनानं बरणी हातात घेतली. ज्यानं वादळात हलत्या बोटीवर चाळीस माणसांचं जेवण रांधलं, तो आज चिमूटभर मिठाला भीत होता. ती भीती त्याच्या वयानं आणली नव्हती. तिनं आणली होती.

तिनं बरणी ओट्यावर ठेवली आणि इनासला व सासूबाईंना आत हाक मारली. या घरात तिचा आवाज एवढा मोठा कुणी ऐकला नव्हता. दोघं धावतच आले.

“पप्पा, तुम्ही काही विसरला नाहीत,” ती म्हणाली. “मीठ तुम्ही अजून घातलेलं नाही, आणि त्या दिवशी मसालाही घातला नव्हता. तो मी घातला. तुमचं कालवण मला आवडत नाही, हे तोंडावर सांगायची मला लाज वाटली. तुम्हांला वेड्यात काढताना मात्र वाटली नाही.”

नातालीनबाईंनी पदर तोंडाला लावला. इनासनं खिशातली चावी काढून ओट्यावर ठेवली.

तात्पर्य: ज्याला खरं सांगायला आपण कचरतो, त्याचं भलं त्याच्या पाठीमागे करायला जाऊ नये; त्या भल्याची किंमत त्यालाच मोजावी लागते.