धोंडभटांची कोरी जागा

फार वर्षांपूर्वी, ग्रंथ हातांनी उतरत आणि पायांनी प्रवास करीत त्या काळी, गोदातीरी देवसांगवी गावात धोंडभट नावाचे लेखक राहत. पोथ्या नकलून देणे हाच त्यांचा व्यवसाय आणि हीच त्यांची पूजा. असे म्हणतात, चाळीस वर्षांत त्यांनी पदरचा एक शब्दही कोणत्या पोथीत घातला नाही.

एकदा पाठशाळेचे प्रमुख शिवरामशास्त्री यांनी त्यांना वैद्यकाची एक जीर्ण पोथी नकलायला दिली. ज्वरावरच्या एका औषधात बचनाग हे विष किती घालावे, नेमके तेवढेच कसरीने खाल्ले होते. धोंडभटांनी तेवढी जागा कोरी सोडली.

शास्त्रीबुवा तर्कात थोर. त्यांनी सांगितले, या औषधातल्या बाकी सर्व द्रव्यांचे प्रमाण चार गुंजांचे आहे, तेव्हा इथेही चारच लिहा.

धोंडभट हात जोडून म्हणाले, "बुवा, अनुमान आपले, अक्षर आचार्यांचे. दोन्ही एकाच शाईने कसे लिहू?"

"लेखकाने बोरू चालवावा, डोके नव्हे," शास्त्रीबुवा म्हणाले. सभा हसली आणि धोंडभटांचे पाठशाळेचे काम सुटले.

घरी पत्नी भागीरथीबाईंनी विचारले, "अहो, पोथीत कोरी जागा सोडलीत. आता ताटातही तीच वाढू का?" बोलल्या खऱ्या, पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी दशम्या बांधून दिल्या, कारण धोंडभट त्या पोथीची दुसरी प्रत शोधायला निघाले होते.

कोरी जागा सोडलेले पान पागोट्यात बांधून ते मठामठांतून हिंडले. मांजरा नदीच्या पुरात डोक्यावरून पाणी गेले, पागोटे चिंब झाले. असे म्हणतात, सारे पान भिजले, पण कोरी जागा तेवढी कोरडी राहिली.

अखेर बिदरला हकीम यूसुफ यांच्या घरी त्याच ग्रंथाचा फारसी तर्जुमा निघाला. हकीमसाहेबांनी ओळीवर बोट ठेवले आणि ते गंभीर झाले. "भटजी, प्रमाण अर्ध्या गुंजेचे आहे. चार गुंजांनी रोगी वाचत नाही." मग त्यांनी आपल्या प्रतीतले एक फाटके पान पुढे केले. तिथला मजकूर धोंडभटांना मुखोद्गत होता. त्यांनी तो सांगितला, हकीमसाहेबांनी लिहून घेतला. असे म्हणतात, कसरीने दोन्ही प्रती वेगवेगळ्या जागी खाल्ल्या, त्या या दोघांची गाठ पडावी म्हणूनच.

गावी परतून धोंडभटांनी ते प्रमाण हिंगुळाच्या लाल शाईने लिहिले आणि समासात हकीमसाहेबांचे नाव घातले. शास्त्रीबुवांनी ते वाचले. मग भरल्या सभेत ते आसनावरून उठले, धोंडभटांना त्यावर बसवले आणि म्हणाले, "मला ठाऊक नव्हते, हे मला ठाऊक नव्हते." त्या वर्षी ज्वराची साथ आली. अर्ध्या गुंजेच्या त्या औषधाने घरोघरची माणसे उठून बसली.

आजही दसऱ्याला देवसांगवीत पोथ्यांची पूजा झाली, की आरतीपूर्वी प्रत्येक जण आपल्याला ठाऊक नसलेली एक गोष्ट मोठ्याने सांगतो. ज्याला उत्तर येते तो सांगतो. मग तो कोणत्याही जातीचा, कोणत्याही धर्माचा असो. लहानांचा क्रम शेवटी येतो. प्रथम बोलण्याचा मान मात्र शास्त्रीबुवांच्या घराण्याचा, आणि तो मान त्या घराने आजवर कोणाला दिलेला नाही.