गवाक्षकाराचे ऋण

शास्ता श्रावस्तीजवळच्या एका विहारात राहत असताना पिंगल नावाच्या भिक्षूच्या निमित्ताने त्यांनी ही कथा सांगितली.

पिंगलाला सूत्रे म्हणण्याची एक सोपी चाल साधली होती. त्या चालीत म्हटले की लांबलचक सूत्रही सहज पाठ होई. उत्पला नावाची तरुण भिक्षुणी एकदा त्याच चालीत पाठ करू लागली, तेव्हा त्याने तिला मध्येच अडवले. "ही चाल माझी आहे. ती दुसऱ्या कोणी म्हणू नये." उत्पलाने पाठ थांबवला. पुढे धारिणी नावाच्या वृद्ध भिक्षुणीकडून कळले की पिंगल लहान असताना तिनेच त्याला ती चाल शिकवली होती. मग भिक्षू पिंगलाला नावे ठेवू लागले. भद्रक स्थविरांनी हे सारे शास्त्यांच्या कानावर घातले.

शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, त्याला टाकून बोलू नका. आपल्याजवळचे कुठून आले हे माणूस फार लवकर विसरतो. मागेही एकदा असेच झाले होते." आणि त्यांनी गतजन्माची गोष्ट सांगितली.

फार पूर्वी, या कल्पाच्याही आधीच्या एका कल्पात, कुमुदावती नगरीत जयसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका सुताराच्या घरी जन्मले. त्यांचे नाव सुवत्स. कल्प सरतात तशा विद्याही लोपतात आणि कालांतराने पुन्हा उगवतात. त्या कल्पातही लोकांपाशी संगणक होते, आणि देशभरचे संगणक एका जालाने जोडलेले होते. वैद्य, कवी, शेतकरी, शिक्षक, ज्याला जे सांगायचे असेल त्याचे तो पान करून जालावर ठेवी. ती पाने ज्यातून पाहायची त्या साधनाला तिथे गवाक्ष म्हणत. आताचे लोक त्यालाच ब्राउझर म्हणतात.

सुवत्साचे वडील घरांना खिडक्या करीत. सुवत्साने गवाक्ष केले. त्याचे नाव निर्मला. ते त्याने सर्वांना मोफत दिले, आणि ते कसे घडवले आहे हेही उघडे ठेवले. कोणी आभार मानले तर तो म्हणे, "माझ्या हातून झाले एवढेच. शिकवणारे दुसरेच होते."

निर्मलेत एक गोष्ट लोकांना फार आवडे. पान उघडले की त्यातले चित्र तिथल्या तिथे हलू लागे. वेगळे काही उघडावे लागत नसे. वेत्रा नदीकाठच्या हंसतीर्थ गावात रोहिता नावाची मुलगी पाने सजवण्याचे काम करी. तिने नदीचे पान केले होते. त्यात निळा पट्टा पाण्याबरोबर चढे आणि उतरे. घाटावरच्या नावाड्यांना वाचता येत नसे, पण ते त्या पट्ट्याकडे एक नजर टाकीत आणि मगच नाव सोडीत. रोहिताचे वडील भल्लक हे त्यांतलेच एक नावाडी होते.

त्या राज्यात एक जुनी रीत होती. कोणी नवी युक्ती शोधली तर काही वर्षे ती एकट्याने वापरण्याचा हक्क राजा त्याला देई. या हक्काला एकस्व म्हणत, म्हणजे आपले पेटंट. शोधणाऱ्याच्या कष्टांचे चीज व्हावे हा त्यामागचा हेतू. नगरीत वसुगुप्त नावाचा हुशार श्रेष्ठी होता. पानातच हलते चित्र चालवण्याची युक्ती आपल्याला सुचली, असे सांगून त्याने तिचे एकस्व मिळवले. दरबारात गवाक्षांची माहिती असलेला कोणी नव्हता. ही युक्ती आधी कोणी वापरली आहे का, हे कोणी विचारलेच नाही.

एकस्व हाती आल्यावर वसुगुप्त सुवत्साकडे आला.

"सुवत्सा, तुझ्याकडून मला काही नको," तो म्हणाला. "उलट तुझा फायदाच आहे. तुझ्या निर्मलेला मी परवानगी देतो. बाकीची सगळी गवाक्षे बंद पाडू. मग हलती चित्रे पाहायची तर देशाला निर्मलेवाचून गत्यंतर नाही."

"आणि ज्यांच्या संगणकावर दुसरी गवाक्षे आहेत त्यांचे काय?"

"त्यांना रिकामा चौकोन दिसेल. येतील मग तुझ्याकडेच."

निर्मला अजून सगळीकडे पोचली नव्हती. कित्येक खेड्यांतल्या जुन्या संगणकांवर ती चालतही नसे.

"श्रेष्ठी, शेजाऱ्यांच्या खिडक्या बुजवून माझ्या घरात उजेड आणायचा, हे मला जमणार नाही."

वसुगुप्त रागावला नाही. त्याला खरोखरच नवल वाटले. पण त्याने न्यायालयात दावा लावला, आणि न्यायालयाने आज्ञा दिली की निकाल लागेपर्यंत कोणत्याही गवाक्षाने चित्र आपोआप चालवू नये. सुवत्साने आज्ञा पाळली. चित्राच्या जागी आता करडा चौकोन दिसू लागला, आणि खाली शब्द येत: 'चित्र पाहण्यासाठी येथे बोट लावा.' पाने करणारे देशभर हैराण झाले. कित्येक जुनी पाने ज्यांनी केली ते तर कुठल्या कुठे गेले होते. ती दुरुस्त कोण करणार?

हंसतीर्थात त्याच सुमारास वरच्या डोंगरांत मोठा पाऊस झाला. भल्लक घाटावर आले, त्यांनी पान पाहिले. निळा पट्टा नव्हता. करडा चौकोन स्थिर होता, आणि खालचे शब्द त्यांना वाचता येत नव्हते. नदी शांत असेल असे समजून त्यांनी माणसे घेतली आणि नाव लोटली. मध्यावर लोंढा आला आणि नाव उलटली. खालच्या अंगाला कोळ्यांनी जाळी टाकून एकेकाला ओढून काढले, म्हणून कोणाचा जीव गेला नाही. पण भल्लकांचा उजवा हात खडकावर आपटून मोडला.

वडिलांचा हात बांधून होताच रोहिता कुमुदावतीला निघाली. सुवत्साच्या दारात उभी राहून ती म्हणाली, "दादा, तुमच्या गवाक्षात आमची नदी दिसेनाशी झाली. बाबांना वाटलं, पाणी शांत आहे. त्यांचा हात मोडला."

न्यायालयाची आज्ञा होती, असे सुवत्स म्हणू शकला असता. तो तसे म्हणाला नाही. त्याने तिला बसवले, पाणी दिले आणि सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "चूक माझ्याकडून झाली, ताई. मी शब्द लिहिले आणि वाचता न येणारी माणसे विसरलो."

रोहिताचा राग ओसरला. दोघे पानासमोर बसले.

"चित्र नाही चाललं तरी कळायला हवं," ती म्हणाली. "पानाचा रंगच बदलला तर? पाणी चढलं की सगळं पान तांबडं. रंगावर तर कोणाचं एकस्व नाही ना?"

"नाही. आणि रंग कुठल्याही जुन्यापुराण्या गवाक्षात दिसतो."

तिने तिथेच बसून पान बदलले. सुवत्साने ती कल्पना जालावर सर्वांना कळवली, तेव्हा इतर नद्यांच्या काठचे पाने करणारेही तसे करू लागले. काम संपल्यावर सुवत्साने सहज विचारले, "पानात चित्र बसवायला तू कोणाकडे शिकलीस?"

"कोणाकडे म्हणजे? तुमच्याच पानांमागची मांडणी उघडून पाहिली. आधी तशीच उतरवली, मग तिच्यात आमची नदी घातली. शिकवल्याबद्दल तुमचे आभार मानायचे होते, आणि आले ती भांडायला." ती ओशाळून हसली. "तुम्ही कोणाकडे शिकलात?"

"आर्या विशोकांकडे," सुवत्स म्हणाला. ते नाव घेताना त्याचे हात आपोआप जोडले गेले.

निकालाच्या दिवशी दरबार भरला. वसुगुप्ताने आपली बाजू मांडली. राज्याच्या रीतीप्रमाणे, एकस्व ज्याला दिले त्याच्याही आधी ती युक्ती दुसऱ्याने वापरली असेल, तर ते एकस्व टिकत नसे. निर्मला वसुगुप्ताच्या एकस्वापेक्षा जुनी होती. प्रधान सुवत्साजवळ वाकून हलकेच म्हणाला, "युक्ती तुझी आहे एवढे बोल. दावा तर पडेलच, आणि एकस्व तुझ्या नावावर करून देऊ."

राजा जयसेनाने विचारले, "सुवत्सा, ही रीत कोणाची? तुझी?"

"नाही महाराज. डोंगरातल्या पाठशाळेत आर्या विशोका ज्योतिष शिकवीत. त्यांच्या एका पानात हे मी प्रथम पाहिले. माझे गवाक्ष त्यातून निघाले. त्यांनी आपली मांडणी झाकून ठेवली असती, तर आज मी वडिलांबरोबर दारे तासत असतो."

राजाने पालखी पाठवून विशोकांना मानाने बोलावले. त्या बऱ्याच थकल्या होत्या. आपला जुना संगणक त्यांनी बरोबर आणला होता. त्यांनी तो दरबारात लावला आणि एक पान उघडले. ओळींच्या मध्ये चंद्रकोर दिसली. ती हळूहळू भरत गेली, पूर्ण झाली आणि मग झिजू लागली. पान वसुगुप्ताच्या एकस्वाहून पुष्कळ जुने होते.

सगळे पाहत असताना वसुगुप्त उठून पुढे आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"हा चंद्र," तो म्हणाला, "मी कुठेतरी पाहिला आहे."

विशोकांनी त्याच्याकडे निरखून पाहिले. "वसू ना तू? पाहणारच. पावसाळ्यात आभाळ दिसत नसे, म्हणून तुम्हा मुलांसाठी हा केला होता. तू दाराशी बसायचास. पुन्हा पौर्णिमा दाखवा, पुन्हा पौर्णिमा दाखवा म्हणून माझा पिच्छा सोडायचा नाहीस."

"आर्ये, मला वाटलं, मलाच सुचलं."

"सुचलंही असेल, बाळ. बी कुठून पडलं हे झाडाला थोडंच आठवतं?"

वसुगुप्ताने त्यांच्या पायांवर डोके ठेवले. मग राजाकडे वळून त्याने एकस्वाचा ताम्रपट स्वतःच परत केला.

राजा म्हणाला, "आर्ये, मग हे एकस्व तुमचे. मागून घ्या."

"मला मुलांना चंद्र दाखवायचा होता, महाराज. तो दाखवून झाला," विशोका म्हणाल्या. "आता ज्याला जे दाखवायचं असेल त्याने ते दाखवावं."

राजाने न्यायालयाची आज्ञा मागे घेतली. यापुढे कोणतेही एकस्व देण्याआधी 'हे पूर्वी कोणी केले आहे का' असे देशभर विचारले जावे, असा नियमही घातला. दरबार उठल्यावर सुवत्स वसुगुप्ताजवळ गेला. "श्रेष्ठी, तुमची मांडणी मी वाचली आहे. अशक्त संगणकावरही चित्र न अडखळता चालावे, ही त्यातली युक्ती कोणीच केलेली नाही. ती खरोखर तुमची आहे. हंसतीर्थासारख्या गावांना तिची गरज आहे."

पुढे ती युक्ती वसुगुप्ताने आपण होऊन सर्वांना खुली केली. ती घेऊन तो स्वतः हंसतीर्थाला गेला, आणि भल्लकांच्या शेजारी बसून त्याने घाटावरचा संगणक नीट केला.

सुवत्स दरवर्षी विशोकांच्या दर्शनाला जात राहिला. त्याच्याकडे शिकायला येणाऱ्यांना तो ही गाथा सांगे:

"विहिरीचे पाणी पिताना
खणणारा मनी धरावा;
पोहरा भरून घ्यावा,
दोर मागच्याच्या हाती द्यावा."

कथा सांगून झाल्यावर शास्त्यांनी तिचा आजच्याशी मेळ जोडला. "भिक्षूंनो, त्या वेळचा वसुगुप्त हा आजचा पिंगल. नदीचे पान करणारी रोहिता ही उत्पला. चंद्र दाखवणारी विशोका ही धारिणी. राजा जयसेन हे भद्रक स्थविर. आणि गवाक्ष घडवणारा सुवत्स मीच होतो."

हे ऐकून पिंगल उठला. तो धारिणीसमोर गेला आणि गुडघे टेकून त्याने तिला वंदन केले. ज्यांनी त्याला नावे ठेवली होती, त्यांनीही मान खाली घातली.

शास्ता म्हणाले, "हिला कृतज्ञता म्हणतात. ज्याला देणारा आठवतो, त्याची मूठ आपोआप उघडते."