भिंतीमागचे पाणी

एका मोठ्या तळ्याच्या काठी, उंच दरडीवर, एक गाव होते. घरे सगळी एका रांगेत, दरडीच्या कडेला. पुढच्या दारी रस्ता आणि मागच्या दारी तळे. तळे एवढे अफाट की पलीकडचा काठ थंडीतल्या स्वच्छ सकाळीच काय तो दिसे. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की लाटा दरडीच्या पायथ्याशी येत आणि घास घास माती घेऊन जात. दरड सगळी मातीची होती, दगड नावालाही नव्हता.

म्हणून गावाने एक रीत घातली होती. दर ज्येष्ठात प्रत्येक घराने दरडीच्या उतारावर वाळ्याचे ठोंब लावायचे. वाळ्याची मुळे पुरुषभर खोल जातात आणि माती मुठीत धरावी तशी धरून ठेवतात. पण ठोंब आपल्या घराखाली लावायचे नाहीत, पूर्वेच्या शेजाऱ्याच्या घराखाली लावायचे. रांगेतल्या शेवटच्या घराने पहिल्या घराखाली लावायचे. याला म्हणत दरडीची ओटी. स्वतःची ओटी स्वतः कोणी भरते का? जुनी माणसे हुशार होती. आपले काम माणूस उद्यावर ढकलतो, शेजाऱ्याचे ढकलले तर शेजारीण दारात येऊन जाब विचारते.

शेवटचे घर नरहरी कासाराचे. तो आणि त्याची बायको गोदा घरोघर जाऊन बांगड्या भरत. त्यांच्या अलीकडे भानजीशेट राहत, गुळाचे व्यापारी. कासाराच्या घराची ओटी भरण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या शेटच्या घराचा होता.

शेट माणूस वाईट नव्हता. तो भित्रा होता आणि श्रीमंत होता. ही दोन्ही एका घरात नांदू लागली की शेजाऱ्याने जपून राहावे. एका पावसाळ्यात त्याच्या परसातले लिंबाचे झाड दरडीवरून खाली गेले आणि शेटची झोप उडाली. त्याने परगावाहून पाथरवट आणले, काळा दगड आणला, आणि आपल्या घराखाली पायथ्यापासून माथ्यापर्यंत भक्कम भिंत उभी केली. भिंत त्याच्या हद्दीत सुरू झाली आणि त्याच्या हद्दीत संपली.

नरहरी बघायला आला. त्याने दगडावर थाप मारली.

"शेट, भिंत झकास झालीय. पण ती माझ्या बांधापाशी थांबली. लाट थांबंल का तिथं?"

"मग तूही बांध की."

"माझी कुठली ऐपत? तुमचा दगड उरलाय बक्कळ. तेवढा माझ्या घराखाली लावा."

"ज्यानं त्यानं आपापलं बघावं, नरहरी," शेट म्हणाला.

उरलेल्या दगडाचा त्याने भिंतीच्या माथ्यावर बसायला ओटा बांधला. संध्याकाळी तिथे बसून तो तळे बघे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "वाटेल तेवढ्या लाटा येऊ देत. माझा एक दगड हलायचा नाही."

ज्येष्ठ आला. शेटची बायको सुभद्रा म्हणाली, "अहो, कासाराची ओटी राहिली. गोदा काय म्हणेल?"

"आपल्याला आता कुणाच्या वाळ्याची गरज नाही. मग आपण कशाला चिखलात उतरायचं?"

सुभद्रेला ते पटले नाही. गोदा तिच्या हातात बांगड्या भरायची आणि भरता भरता दोघी सुखदुःख बोलायच्या. पण नवऱ्याच्या शब्दाबाहेर ती गेली नाही.

नरहरीने गाव गोळा केले. गेल्या पावसाळ्यात लाटांनी ठोंब उपटून नेलेला आपल्या घराखालचा उघडा उतार दाखवला. "कुणीतरी या. चार ठोंब लावा."

गाव म्हणाले, "मान शेटच्या घराचा. आम्ही हात लावला तर शेटचा अपमान होईल."

"मग माझा मी लावतो."

"स्वतःची ओटी स्वतः भरणार? अरे, गावाला बुडवतोस काय!"

एवढे बोलून गाव जेवायला गेले. नरहरीने रीत मोडली नाही. पहिल्या घराखाली जाऊन त्याने आपल्या वाट्याची ओटी चोख भरली आणि उघड्या दरडीवरच्या घरी परत आला. त्याला कोणी भोळा म्हणावे, कोणी मूर्ख. मला मात्र राग येतो तो त्या जेवायला गेलेल्या गावाचा.

पावसाळा लागला. लाटा भिंतीवर आपटत. तिथे काही हाती लागत नाही म्हटल्यावर भिंतीच्या कडेकडेने सरकत, आणि जिथे भिंत संपे तिथे कासाराच्या मातीत दुप्पट जोराने घुसत. त्या वर्षी त्याचे परस गेले. पुढच्या ज्येष्ठात नरहरीने पुन्हा गावाला विनवले. गावाने पुन्हा मानाचे कारण सांगितले. त्या पावसाळ्यात एका दुपारी घरच गेले. नवराबायको बाहेर पळाली म्हणून वाचली. बांगड्यांची पेटी गेली, भांडी गेली, चूल गेली. दोघे देवळाच्या पडवीत राहायला गेले. शेटने त्यांच्यासाठी गुळाची ढेप पाठवली. गोदाने ती आल्या पावली परत पाठवली.

शेट ओट्यावर बसून तळे बघतच होता. समोर सगळे ठीक होते. पण कासाराचे घर होते तिथे आता मोठे खबदाड पडले होते. पाणी त्यात शिरे, कोपऱ्यावरून वळे आणि भिंतीच्या मागची माती ओढून नेई. मागे वळून कोण बघतो?

बघितले सुभद्रेने. ती म्हणाली, "चुलीजवळ भेग पडलीय."

शेट उठला. ओट्यावरून वाकून त्याने भिंत न्याहाळली. "भिंतीला भेग नाही, मग घराला कशी पडेल? सारवून टाक."

सुभद्रेने शेणाने भेग सारवली. ती पुन्हा पडली. तिने पुन्हा सारवली. रोज सकाळी ती भेग बुजवी आणि रोज भेग थोडी लांब झालेली असे. शेवटी तिने नवऱ्याला सांगणेही सोडले.

भाद्रपदातल्या एका संध्याकाळी शेट ओट्यावर बसला होता. वारा होता, पण भिंत ठाम होती. एकाएकी मागून भांडी पडल्याचा आवाज आला. तो वळला. स्वयंपाकघर, देवघर, माजघर, सगळे एकदम खाली बसले आणि भिंतीच्या मागच्या पाण्यात गेले. सुभद्रा चुलीशी होती. तिला हाक मारायलाही वेळ मिळाला नाही.

शेट एकटा भिंतीवर राहिला. पुढेही पाणी आणि मागेही पाणी. वारा पडल्यावर लोकांनी होडी नेऊन त्याला उतरवले. तो एकच वाक्य बोलत होता, "एक दगड हलला नाही हो, एक दगड हलला नाही."

सुभद्रेला तळ्यातून काढले. सवाष्ण गेली होती, तेव्हा नेण्याआधी तिची ओटी भरायची होती. बायका एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. जिवाभावाच्या शेजारणीने पुढे व्हायचे, आणि ती तर शेटने शेजारी राहूच दिली नव्हती. तेवढ्यात देवळाकडून गोदा आली. दारोदार मागून आणलेल्या मूठभर तांदळांनी आणि नारळाने तिने सुभद्रेची ओटी भरली. तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या सारख्या केल्या. मग ती हुंदके देऊन रडली.

शेट हात जोडून म्हणाला, "गोदा, माझ्या घराची ओटी तू भरलीस."

"व्हय शेट," गोदा म्हणाली. "दोन ज्येष्ठ मीबी माझ्या घराच्या ओटीची वाट बघितली."

शेट मान खाली घालून उभा राहिला. गावही खालीच बघत होते.

नरहरी वाळ्याचे ठोंब घेऊन दरडीवरून खाली उतरला. पाणी आता शेटच्या पश्चिमेच्या घराच्या मातीला लागले होते. कोणीतरी सवयीने म्हणाले, "नरहरी, हा मान तुझा नाही."

"मान तळ्यात गेला," नरहरी म्हणाला. "आता माती धरा."

तेव्हा कुठे गाव चिखलात उतरले. वाळा रुजला आणि उरलेली घरे उरली. शेटची भिंत अजून तळ्यात उभी आहे. तिच्या दोन्ही बाजूंनी पाणी आहे, आणि तिचा एक दगड हललेला नाही.

तात्पर्य: शेजाऱ्याचे घर उघडे टाकून बांधलेली भिंत आपलेही घर वाचवत नाही, आणि शेजारी बुडताना जे मानपान बघत उभे राहतात, त्यांचाही त्या बुडण्यात वाटा असतो.