शेट्येंचं जोडघर

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, शब्दही साधेच आहेत. सातवीनंतर शाळा सुटली. चुकलं तर सांभाळून घ्या. गोष्ट मात्र खरी हुशारीची आहे, आणि ती हुशारी माझी नाही, माझ्या बायकोची आहे.

वेळशेतला घर मिळेना! कॉलेज झालं, काजूचा कारखाना झाला, आणि दीड हजाराची खोली पाच हजारांवर गेली. दुधाचा टेम्पो चालवून मला मिळतात बारा हजार. लग्नाला आठ महिने झाले तरी सुगंधा तिच्या माहेरी आणि मी डेअरीच्या शेडमध्ये, अशी आमची गत होती. सासऱ्यांनी स्पष्टच सांगितलं, "जावईबापू, पावसाळ्याआधी बिऱ्हाड करा. नाहीतर नोकरी बघायला तिला चिपळूणला पाठवतो."

बाजाराच्या मागे नरहरशेठ शेट्येंची दोन घरं आहेत. दोन मुलांसाठी एकाच वर्षी, एकाच सुताराकडून बांधलेली, लाकडी वाशांची, कौलारू. मुलं गेली पुण्याला. एक घर शेठ भाड्याने देत, दुसऱ्याला कुलूप.

आम्ही मे महिन्यात त्यांच्या ओटीवर जाऊन बसलो.

"भाडं दीड हजार," शेठ म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"पण अट आहे. अकरा महिन्यांनी घर तपासणार. कणभर जरी झिजलेलं दिसलं, तर दुरुस्तीचा सगळा खर्च तुमचा आणि बिऱ्हाड रस्त्यावर. नाही झिजलं, तर दीड हजारातच हवं तितकं राहा. आजवर सात बिऱ्हाडं आली. सातही गेली. भाडेकरू म्हणजे वाळवी, बाई. राहतो तिथलं खातो."

मी उठायलाच लागलो. राहतं घर झिजणार नाही तर काय होणार? पण सुगंधा जागची हलली नाही.

"झिजलं की नाही, ते कशावरून ठरवणार, शेठ? तुमच्या मनावरून?"

"मनावरून कशाला? शेजारचं जुळं घर आहे की. तिथे कुणाचा पाय पडत नाही, म्हणजे ते जसंच्या तसं. त्याच्याशी ताडून बघायचं."

"आणि अकरा महिने ते उघडायचं नाही?"

"किल्ली माझ्या जानव्याला बांधून ठेवतो. झालं?"

"तसं करारात लिहा. शेजारच्या बंद घरापेक्षा आमचं खराब दिसलं तर आम्ही बाहेर. चांगलं दिसलं तर राहणार."

शेठ गालात हसले आणि त्यांनी लिहून दिलं. साक्षीला पोस्टमास्तर सावंत होते. सही करताना ते माझ्याकडे असे बघत होते, जणू मी तुरुंगात चाललोय.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "अगो, बंद घर झिजतं काय कधी? हरलो आपण."

"तुम्ही टेम्पो चालवा," ती म्हणाली, "आणि येताना चुलीला दगड आणा."

गॅस मित्राकडून आणलेला होता, तो परत गेला. सकाळ-संध्याकाळ चूल. घरात धूरच धूर! माझे डोळे चुरचुरायचे. पावसात माकडं कौलांवर नाचली की ती काठी घेऊन अंगणात हजर. एक कौल सरकलं तरी मला शिडीवर चढवायची. शेजारणी म्हणायच्या, "काय गो, शेट्येंच्या घराचं लग्न आहे काय? रोज नटवतेस ती!"

एप्रिल उजाडला. शेठ बॅटरी आणि छोटी हातोडी घेऊन आले. सोबत सावंत मास्तर. शेठनी प्रत्येक खांब ठोकला, उंबऱ्यावरून हात फिरवला, मग बॅटरी वर मारली.

"सापडलं! वासे काळे केलेत. आधी असे होते काय?"

मी वर बघितलं. वासे खरंच काळे होते.

"काळे झाले, शेठ. झिजले कुठे?" सुगंधा म्हणाली. "हातोडी मारून बघा."

शेठनी मारली. टणक आवाज आला.

"तरी काळे ते काळेच. शेजारचे बघ, कसे असतील."

"चला तर."

किल्ली फिरेना. कुलूप गंजून घट्ट झालं होतं. शेवटी शेठनीच हातोडी घालून ते तोडलं. दार फुगलेलं, ते मी खांद्याने ढकललं.

आत ओल आणि उंदरांचा वास. माकडांनी कौलं सरकवली होती, त्यातून अख्खा पावसाळा आत आला होता. भिंतीचा गिलावा सोललेला. आणि जमिनीपासून आढ्यापर्यंत खांबांवर वाळवीच्या मातीच्या रेघा. शेठनी एका खांबाला बोट लावलं. बोट आत गेलं.

त्यांनी ते बाहेर काढलं, तर त्याला भुसा लागलेला.

"पण इथे तर कुणी राहिलंच नाही," ते म्हणाले.

"राहिली की, शेठ. तुमची वाळवी राहिली. अकरा महिने फुकट. चुलीचा धूर असता तर टिकली नसती. आमच्या घरी तिला जागाच मिळाली नाही. आता सांगा, तुमचं घर खाल्लं कुणी, भाडेकरूने की कुलपाने?"

सावंत मास्तरांनी रुमाल तोंडाला लावला. शेठ गंभीरच होते. मग त्यांचं पोट हलायला लागलं आणि ते तिथेच मोडक्या उंबऱ्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"सात बिऱ्हाडं घालवली मी!" ते म्हणाले. "घराची औषधंच बाहेर फेकत होतो की."

त्यांनी करार मागून घेतला आणि त्यावर दीड हजारापुढे लिहिलं, 'हे राहतील तोवर'. खाली सही केली. मग तुटलेल्या कुलपाची किल्ली सुगंधाच्या हातावर ठेवली.

"हे घर नीट झालं की बिऱ्हाड तूच शोध, बाई. भाडं तेवढंच."

"शोधायचं कशाला? सरकारी दवाखान्यातली नर्स तीन महिने घर मागत फिरतेय. पण चूल पेटवीन, असं तिने कबूल केलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध पोचवून मी टेम्पोत नवी कौलं भरून आणली आणि शिडी लावून शेजारच्या घरावर चढलो. खालून एकेक कौल वर देत होते स्वतः नरहरशेठ.